सईचे चार दात

उज्वलाने पोरीचा वरचा ओठ अंगठ्याने उचलला आणि बाकावरच्या सगळ्यांना दिसेल असं तिचं तोंड फिरवलं. समोरचे चार दात, चारही जुन्या तव्यासारखे काळे. बाकावर सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी आपापले दुखरे गाल विसरून माना पुढे काढल्या.

"बघून घ्या," ती मला म्हणाली. "आमच्या सासूबाई म्हणतात, तुमच्याकडे औषध लावलं. मला खरं काय ते सांगा. हे मिश्रीने झालेत ना?"

पोरगी, म्हणजे सई, साडेचार वर्षांची. ओठ आईच्या हातात असूनही माझ्याकडे बघून ती हसत होती. आमची ओळख होती. चारच दिवसांपूर्वी ती आमच्या खुर्चीवर आपली आपण चढून बसली होती.

दिवस मंगळवारचा, आणि डॉक्टर मंगळवारी येत नाहीत. सातपूरच्या या धर्मादाय दवाखान्यात दातांचा विभाग आहे तो एका खोलीचा. डॉक्टर वल्लरी इंदिरानगरहून सोमवार, बुधवार, शुक्रवार येतात. बाकीचे दिवस मी एकटी. औजारं उकळायची, तारखा द्यायच्या, आणि डॉक्टर नाहीत म्हणून लोकांची बोलणी खायची. सगळे मला सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही, साधी मदतनीस आहे. गोदावरी माझं नाव, सव्वीस वर्षं याच खोलीत गेली.

त्यातली बावीस वर्षं माझं काम एकच होतं, पोरांची डोकी धरायची. आधीचे मोठे डॉक्टर हाताने चांगले होते, पण त्यांना वेळ नसायचा. पोर रडायला लागलं की म्हणायचे, "गोदाबाई, धरा." मग मी मागून दोन्ही हातांत डोकं पकडायची, आई पाय धरायची, आणि मशीन सुरू व्हायचं. सातपूरच्या बाजारात मला बघून पोरं आईच्या पदराआड लपायची. आया हसून म्हणायच्या, "बघ हां, जेवला नाहीस तर दातवाल्या बाईंकडे नेईन." मीही हसायची. घरी येऊन हात धुताना मात्र त्या डोक्यांची थरथर हाताला जाणवायची. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

चार वर्षांपूर्वी वल्लरी मॅडम आल्या आणि माझे हात मोकळे झाले. त्या लहान पोरांना मशीन लावत नाहीत, सुईही नाही. दाढ किडली असेल तर मऊ झालेलं तेवढं हाताने खरवडून वर सिमेंट भरायचं. फारच पोखरली असेल तर दाढेवर स्टीलची टोपी बसवायची. नुसती सुरुवात असेल तर पिवळं वार्निश ब्रशने फासायचं. आणि समोरच्या दातांना कीड असेल तर चांदीचं औषध. एक थेंब, बारीक ब्रश, एक मिनिट. पोराला कळतही नाही आणि कीड जागच्या जागी थांबते. खोड एकच, किडलेला भाग कायमचा काळा पडतो. तोही नंतर वरून पांढरं सिमेंट चढवून झाकता येतो.

आता पोरं मला हात करतात. पन्नाशी उलटल्यावर मिळालेलं हे सुख आहे, आणि ते मला जपायचं होतं. म्हणून त्या दिवशी माझा इतका संताप झाला असावा, उज्वलावर आणि त्याहून जास्त स्वतःवर.

कारण चूक कुठे झाली ते तिने ओठ उचलला तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं.

आदल्या शुक्रवारी सईला तिची आजी घेऊन आली होती. कुसाबाई. मुलगा आणि सून दोघं कंपनीत, दोघांच्या शिफ्ट वेगळ्या, म्हणून ही नात सांभाळायला चांदवडकडून आलेली. माझं माहेरही चांदवडचं. मग काय, कुठली वस्ती, कुणाच्या तुम्ही, रंगमहालाजवळ अजून बाजार भरतो का, असं सुरू झालं. बोलता बोलता मी विचारायचं ते विचारून घेतलं. पोरीला रात्री बाटलीने दूध द्यायची ही आजी, दोन चमचे साखर घालून. ती झोपेपर्यंत बाटली तोंडात. वर दुपारी चहात बुडवलेली बिस्किटं. मी बोलले तिला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाटली आजच टाकून देते. मला कुणी सांगितलंच नाय."

मॅडमनी दात बघितले, चांदीचं औषध लावू म्हणाल्या, आणि कागद करून घ्यायला मला सांगितलं. या कागदावर सगळं छापलेलं आहे. दात काळे पडतील हेसुद्धा आहे, ठळक अक्षरात. कुसाबाईला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. काळं पडेल म्हणून सांगितलं तेव्हा ती तोंड उघडून हसली.

"काळं पडलं तर पडलं. माझे कुठं पांढरे हायेत?"

चाळीस वर्षं मिश्री लावून तिचे दात काळे कुळकुळीत झालेले. माझ्या आईचे असेच होते. आमच्याकडे त्या वयाच्या बाईचे दात पांढरे असतील तर लोक दोनदा बघतात. मीही हसले. तिने अंगठा उठवला. सईला पण अंगठा करायचा होता, म्हणून मी तिचं बोट धरून आजीच्या अंगठ्याशेजारी एक इवलासा ठसा उठवू दिला. मॅडमनी औषध लावलं. आम्ही तिघी खुशीत होतो.

दात काळे पडणं जिला चारचौघांत खुपेल त्या आईला फोन करावा, हे ना आजीला सुचलं ना मला. आजी घरी गेली आणि काही बोललीच नाही, कारण तिच्या लेखी सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. मॅडमना सुचलं असतं. त्या इंदिरानगरच्या, त्यांच्या घरात मिश्री कुणी पाहिलेली नाही. पण त्यांनी कागद माझ्यावर सोपवला होता.

शनिवारी दात काळे दिसायला लागले. रविवारी उज्वला सुट्टीला घरी होती. सासूची मिश्रीची डबी फळीवर, आणि पोरीचे दात तसेच काळे. तिने जे समजायचं ते समजून घेतलं. कुसाबाईने दवाखान्याचं सांगितलं तर सून म्हणाली, दात काळे करणारं औषध जगात कुठे असतं का.

हे सगळं ती बाकावरच्या माणसांसमोर सांगत होती. येत्या रविवारी तिच्या भावाचं लग्न होतं. सगळं माहेर जमणार, फोटो निघणार. "लोक म्हणतील, आई कामाला जाते आणि पोरीला म्हातारी तंबाखू चोळते," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. ती भांडखोर बाई नव्हती. दमलेली होती.

मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं ते मला आज पाठ आहे. औषधच आहे, ताई. मिश्री नाही. तुम्हाला फोन करायला मी चुकले. उद्या या, वरून पांढरं करून देतो. चार वाक्यं. पण सात-आठ जण बघत होते, डॉक्टर नव्हत्या, आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकले आहे, अंगाशी आलं की कागद काढायचा. मी फाईल काढली.

"औषधच आहे," मी म्हणाले. "काळं पडणार हे आम्ही आजींना वाचून दाखवलं होतं. हा बघा त्यांचा अंगठा."

उज्वला कागदाकडे बघत राहिली. मोठा ठसा, शेजारी छोटा ठसा. मग तिने पोरीचा हात धरला आणि ती गेली. पांढऱ्या सिमेंटचं मी तिच्या पाठीला सांगितलं. ऐकलं की नाही कोण जाणे. बाकावरचा एक जण म्हणाला, "बरं झालं तुम्ही लिहून घेतलं." मला त्याच्या दाढेत तिथल्या तिथे टोकदार प्रोब खुपसावासा वाटला.

बुधवारी मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "शुक्रवारी बोलवा," एवढंच म्हणाल्या. "अर्ध्या तासाचं काम आहे. लग्नाआधी पांढरे होतील." उज्वलाचा फोन लागेना. म्हणून संध्याकाळी मीच श्रमिकनगरला गेले.

घरी संतोष होता, सईचा बाप. सरळ माणूस. मी सगळं नीट समजावलं. औषधाने कीड थांबते, काळं ही खूण असते की औषध लागू पडतंय, आता वर पांढरं चढवलं की कुणाला दिसणारही नाही. दुखणार नाही, सुई नाही. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "मला पटतंय हो सिस्टर. पण तिला विचारतो." उज्वला दुसऱ्या शिफ्टला गेली होती. शुक्रवारी या म्हणून मी तिच्यासाठी एक चिठ्ठी लिहून ठेवली.

सई माझ्याभोवती नाचत होती. तिने बाहुलीला आडवं पाडलं, बाहुलीच्या तोंडात काडी फिरवली आणि मला म्हणाली, "तिला सांग, दुखत नाय." मग स्वतः तोंड उघडून आ करून दाखवलं. कुसाबाई चहा ठेवून आत जाऊन बसली. फळीवर मिश्रीची डबी नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी ट्रे लावून ठेवला. सिमेंट, कापूस, बारीक ब्रश. अकरा वाजले, बारा वाजले. मॅडमनी दुसरे पेशंट घेतले. दर वेळी दार वाजलं की मी वळायची. एकदा तर तीच आली समजून सिमेंट कालवूनही ठेवलं. एक वाजता संतोषला फोन केला. मागे मशीनचा खडखडाट होता, तो कंपनीतूनच बोलत होता.

"ते काल काढले, सिस्टर," तो म्हणाला. "चारही. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं होतं."

मी विचारलं, काढले म्हणजे काय, कशाला काढले? दुखत नव्हते, हलत नव्हते. तो म्हणाला की त्या डॉक्टरांचीही मर्जी नव्हती, पण उज्वलाने हट्ट धरला. तिचं म्हणणं असं, काळे दात दिसले की लोक विचारतात, दात नसले की कुणी विचारत नाही. या वयाच्या पोरांचे दात पडतातच.

हिशेब चोख होता. मी हात टेकले.

"जास्त त्रास नाही झाला ना तिला?" मी विचारलं. खरं तर उत्तर मला ऐकायचं नव्हतं.

"धरावं लागलं," तो म्हणाला. "उज्वलानीच धरलं."

फोन ठेवून मी ट्रे आवरला. कालवलेलं सिमेंट कुणाच्याच कामाचं नसतं, ते काचेवर दगड होऊन बसतं. ते खरवडून काढताना मला रडू आलं आणि मॅडमनी बघितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही गेला होता ना त्यांच्या घरी? आणखी काय करणार होता?" त्या भल्या आहेत. पण मी फाईल काढली तेव्हा त्या तिथे नव्हत्या.

नंतर कितीतरी दिवस मी चिडलेलीच होते. बिस्किटाचा पुडा हातात दिसला की त्या आईला झापायची. दुधाचे दात पडणारच आहेत, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरायचं. पडणार आहेत, पण सातव्या वर्षी. तोवर पोरं खाणार कशाने, बोलणार कशाने? बाजारात एका पोराने मला हात केला तर मला परत हात करावासा वाटला नाही.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी, कुसाबाई आली. दवाखाना रिकामा होता. सई बरोबर होती पण आत आली नाही, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. मी हाक मारली तशी तिने डावा तळवा तोंडावर ठेवला.

"आता कुणापुढंच तोंड उघडत नाय," कुसाबाई म्हणाली. "घास भरवायचा म्हंजे तासभर."

ती खुर्चीवर बसली नाही. कमरेची पिशवी सोडून तिने मिश्रीची डबी काढली, तीच जुनी, पितळी. मला वाटलं मिश्रीचंच काही विचारायचं आहे. तिने झाकण उघडून डबी माझ्यापुढे धरली. आतून घासून लखलखीत केलेली, तळाशी थोडा कापूस, आणि कापसावर चार काळे दात.

"सुनेनं केरात टाकले व्हते, म्या वेचून घेतले," ती म्हणाली. आमच्याकडे पोराचा पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून कौलावर फेकतात, नवा दात चांगला यावा म्हणून. इथे श्रमिकनगरात कौल नाही आणि शेणही नाही, ते ती गावी जाईल तेव्हा बघणार होती. पण ओढून काढलेले दात चालतात का, हे तिला माहीत नव्हतं. मला तरी कुठून माहीत असणार? मी म्हणाले, चालत असतील.

"आन मिश्री?" मी विचारलं.

"सोडली. ज्या घरात राह्यचं त्या घरात वास नको." मग डबीकडे बोट करून म्हणाली, "तू दातातली जाणती. मला येवढंच सांग, कीड थांबली व्हती का नाय?"

मी प्रोब घेतला. टोकदार सळई आहे ती. किडलेल्या दातात भाकरीत शिरावी तशी शिरते. मी पहिल्या दातावर टोक दाबलं, सरकलं. खरवडलं तर काचेवर ओरखडावं तसा आवाज आला. दुसरा तसाच. चारही दगडासारखे टणक. मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. तेवढा वेळ ती माझ्या हाताकडे नाही, तोंडाकडे बघत होती.

"थांबली होती, आजी," मी म्हणाले. "पूर्ण थांबली होती. तुम्ही तिला आणलं ते बरोबर केलं. चूक माझी झाली. सुनेला मी कळवायला पाहिजे होतं. आणि तुमचा अंगठा मी तिला दाखवायला नको होता."

ती रडली नाही, रागावलीही नाही.

"हे कागदावर लिहून दे," ती म्हणाली.

मी म्हणाले, उद्या डॉक्टर येतील, त्यांच्याकडून लिहून घेते, माझ्या लिहिण्याला किंमत नाही. तिने नाही म्हणून मान हलवली. डॉक्टरांचं नको, त्या दिवशी कागद ज्याने दाखवला होता, त्याच माणसाचा पाहिजे. मग मी दवाखान्याचा कागद घेतला. सईच्या दातांची कीड औषधाने थांबली होती, आजीने वेळेवर आणलं होतं, घरी कळवायचं राहिलं ते माझ्याकडून. तीन ओळी. नोकरीत मी असं कधी काही लिहिलं नव्हतं. खाली सही केली आणि तिला वाचून दाखवलं.

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. सहीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

"माझी सही."

"मला वाचता येत नाय. अंगठा कर."

मी शाईचं पॅड काढलं. सव्वीस वर्षांत त्यावर शेकडो अंगठे मी धरून टेकवले होते, माझा स्वतःचा कधी नाही. तो नीट उठेना, घाईत सरकला. मी दुसऱ्यांदा केला. तिने जवळ नेऊन पाहिला, फुंकर घातली, घडी केली आणि कागद पोलक्यात ठेवला.

दारातून सई बघत होती. शाई तिला आवडायची. मी पॅड टेबलाच्या कडेपर्यंत सरकवलं आणि ये म्हणून मान हलवली. तिने उजवा हात पुढे केला, अंगठा वर काढला. पण आत यायचं तर उंबरा ओलांडायला हवा होता, आणि उंबऱ्याच्या आत ती खुर्ची होती. ती तिथेच उभी राहिली. मी उठून तिच्याकडे निघाले तशी आजीच्या मागे गेली.

त्या दोघी पायऱ्या उतरेपर्यंत मी खिडकीत होते. आजीने एका हातात डबी धरली होती, दुसऱ्या हाताने पोरीला. सईचा मोकळा हात तोंडावरून निघाला नाही.

मग मी बेसिनपाशी गेले आणि अंगठा घासत राहिले.